मँडोलिनचा मान

बायनाचं लग्न ज्या साली मोडलं, आणि त्याच साली, त्याच नवरदेवाशी, त्याच मांडवाच्या वाशांखाली पुन्हा लागलं, ते साल निजामाच्या मुलखातल्या सरकारी मोजणीनं फसली तेराशे एक्केचाळीस. चौसाळ्यात पुढं कित्येक वर्षं कुणाचं वय काढायचं झालं की लोक विचारायचे, "बायनाच्या पहिल्या लग्नाआधीचा का दुसऱ्याच्या?" परगावचा पाहुणा ते ऐकून भलताच समज करून घ्यायचा. म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं. नवरा एकच होता. मोडलं ते मँडोलिनमुळे.

बायनाचा थोरला भाऊ उत्तरेश्वरअप्पा. कापडाचं दुकान, अंगात सदा इस्त्रीची बंडी, कपाळावर भस्माचे सरळ पट्टे. गावात ज्याला लोक बसायला आपणहून घोंगडी टाकतात, अशा चार माणसांतला एक. असल्या माणसाला नाद नसतो असं घरच्यांना वाटतं, आणि तिथंच घरच्यांचं चुकतं.

माल भरायला अप्पा दरसाल सोलापूरला जायचा. तिथं एका सिनेमाच्या तंबूत मुका पडदा चालायचा आणि पडद्याखाली बसून मिंगेल नावाचा गोव्याचा मास्तर मँडोलिन वाजवायचा. पडद्यावर घोडा पळाला की मास्तरची बोटं पळायची, बाई रडली की तारा रडायच्या. अप्पा पहिल्या वर्षी पडदा बघायला गेला आणि पूर्ण खेळ मास्तरकडेच बघून परत आला. दुसऱ्या वर्षी त्यानं बोटं कुठं ठेवायची ते शिकून घेतलं. तिसऱ्या वर्षी त्याला चार चाली यायला लागल्या. चौथ्या वर्षी पडदा स्वतःच बोलायला लागला आणि वाजवणारे घरी बसले.

मास्तर गोव्याला निघाला होता. त्यानं ते वाद्य अप्पाच्या मांडीवर ठेवलं. म्हणाला, "घेऊन जा. पण नुसता वाजवायचा नाय. ह्याची कुळकथा सांगायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ज्या वाद्याची कुळकथा गावाला ठाऊक नाय, ते खुंटीला लागतं आणि त्यात पाली राहतात. घरात पहिलं मंगलकार्य निघेल त्यात सांग. नाय जमलं तर परत धाड. मी दुसऱ्याला देतो."

अप्पानं वाद्यावर हात ठेवून शब्द दिला. बायनाचं लग्न दोन महिन्यांवर होतं.

बस्त्याच्या गाडीत धूळ लागू नये म्हणून त्यानं मँडोलिन बायनाच्या शालूत गुंडाळलं. घरी आल्यावर आई भिवराबाईनं शालू उलगडला. आतून कलिंगडासारखं गोल पोट, वर आखूड मान आणि आठ तारा.

"अरं उत्तरेश्वरा, हा कासव कुठनं आणला?"

"आई, कासव न्हाई. वाद्य हाय. इटलीचं."

"इटली परळीच्या अलीकडं का पलीकडं?"

"लई पलीकडं."

"मंग कावून आणलं इतक्या लांबनं? आपल्याकडं कासवं न्हाईत व्हय?"

कुळकथा तिथं पहिल्यांदा थांबली. पुढं ती इटलीपाशीच थांबायची सवय तिला लागली.

वाजवायला कचकड्याची नखी लागते, ती प्रवासात हरवली होती. अप्पानं बायकोच्या, वत्सलाबाईच्या, फणीचा कोपरा कापून नवी केली. वत्सलाबाई पंधरा दिवस नवऱ्याशी बोलली नाही. आवाज फार गोड निघाला, हे तिच्याजवळ कबूल करायचं धैर्य त्याला झालं नाही.

शेजारी बंकट, धान्याचा आडत्या, लहानपणापासूनचा दोस्त. फुकट सल्ला देण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. तो म्हणाला, "बे उत्तरेश्वर, घरात कावून वाजवतो? दुकानात वाजव. आवाज ऐकून गिऱ्हाईक येईल, दोन कामं एका बैठकीत."

गिऱ्हाईक आलं. दुकानापुढं गर्दी झाली. पण दोन्ही हात वाद्यात गुंतलेले, कापड मोजायचा गज धरायला हात कुठून आणायचा? बायका खण मागायच्या, अप्पा मान हलवून थांबायची खूण करायचा, त्या शेजारच्या दुकानात जायच्या. चाल संपली की तो घसा साफ करून म्हणायचा, "आता ह्याची कुळकथा. इटली म्हणून एक मुलूख हाय..." तेवढ्यात कुणाचा तरी बैल सुटायचा. चौसाळ्यातले बैल एरवी इतके कधी सुटत नव्हते.

अप्पा खचला नाही. लग्नात अख्खं गाव आणि घाटनांदूरचं वऱ्हाड एका जागी असणार. तिथून कोण उठून जातो ते बघूच, असं त्यानं ठरवून टाकलं.

लग्नाचा दिवस आला. घाटनांदूरच्या गाड्या वेशीबाहेर सुटल्या. नवरदेवाचा बाप महारुद्रअप्पा लाल जरीचा फेटा बांधून पुढं उभा. रीत अशी की वऱ्हाड वेशीत आलं की पहिली थाप हलगीची. मागून सनई, मग ताशा. कुठल्या वाद्यानं आधी वाजायचं आणि कुठल्यानं मागून, हा मान वाडवडिलांच्या काळी ठरलेला. हलगीवाला म्हाळू जाळावर हलगी शेकत होता. कातडं तापून ताणलं गेल्याशिवाय तो हात लावत नसे, मग मुहूर्त का टळेना.

अप्पाला वाटलं, म्हाळूला वेळ आहे, तोवर पाहुण्यांचं स्वागत आपण करू. त्यानं वेशीच्या दगडावर बसून मँडोलिन छेडलं.

म्हाळूनं वर बघितलं. हलगी जाळावरून काढली. आता वाजवील असं सगळ्यांना वाटलं. त्यानं ती उलटी करून भुईवर ठेवली. सनईवाल्यानं सनई फडक्यात गुंडाळली. ताशा गप्प झाला.

"म्हाळू, काय झालं?" बंकट धावला.

"मला न्हाई काय झालं. अप्पाला इचारा. हलगीच्या आदी वाजलं हे. ह्याचा मान कुठला? कुणी दिला? आज माझ्या आदी कासव वाजलं, उद्या जत्रंत डबा वाजंल. मी न्हाई हात लावत."

"अरे, हे इटलीचं..." अप्पानं सुरुवात केली.

"इटलीच्या वेशीत वाजवा मंग."

महारुद्रअप्पाचा चेहरा फेट्याच्या रंगाचा झाला. "आमच्या वऱ्हाडाला हलगी न्हाई? नुसती टुणटुण? घाटनांदूरला तोंड कसं दाखवायचं? जुपा रं गाड्या!"

हातापाया पडणं झालं, लग्न लावणारे जंगमस्वामी मध्ये पडले, भिवराबाईनं तर बैलाची शिंगंच धरली. पण हलगी गप्प आहे अशा वेशीतून आत जायला वऱ्हाडातलं कुणी तयार होईना. गाड्या गेल्या. जाताना महारुद्रअप्पा एवढंच ओरडला, "ते वाद्य हाय असं सरकारदरबारी ठरू द्या, गावानं त्याला जागा द्यावी, मंग बघू! न्हाईतर मोडून चुलीत घाला!"

घरात त्या रात्री कुणी चूल पेटवली नाही. पेटवली असती तर भिवराबाईनं काय जळण घातलं असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. अप्पा ओसरीवर मान घालून बसला होता. बायना हळदीच्या अंगानं बाहेर आली.

"दादा, मोडू नकू."

"काय?"

"कासव. मोडलं तर लोक म्हनतील, बायनाचं लगीन मोडलं ते फुटक्या वस्तूपायी. मला नवरा पायजे, आन् तुझं वाद्य बी वाजाया पायजे. दोन्ही आन." आणि आत जाता जाता, "हळद उतरायच्या आत आन. खाजवतंय."

अप्पानं दुसऱ्या दिवशी मँडोलिन पाठीला बांधलं आणि कचेरी गाठली.

कचेरीतला पेशकार भला माणूस होता. सरकारी कामात भल्या माणसाइतका उशीर कुणीच लावत नाही. त्यानं नीट चष्मा पुसला, टाक बुडवला.

"काय, वाजवणार का बोलणार?"

"दोन्ही."

"हे कठीण आलं. वाजवणं म्हणजे बाजा. त्याची इजाजत मी देतो. चार माणसांपुढं उभं राहून बोलणं म्हणजे जलसा. त्याची इजाजत वरून येते, बहुतेक येत नाही. तुम्ही एकदम दोन्ही करणार?"

"आदी वाजवतो, मंग बोलतो."

"आणि मधल्या वेळात तुम्ही कोण असता?"

अप्पा विचारात पडला. आजवर मधल्या वेळात तो उत्तरेश्वरच असायचा, पण कचेरीत ते पुरेसं नव्हतं.

"बरं, वाद्य कुठलं?"

"इटलीचं," अप्पा छाती काढून म्हणाला. इथं बैल नव्हते.

पेशकारानं टाक खाली ठेवला. "म्हणजे हद्दीबाहेरचं. हद्दीतून आत आणलं तेव्हा करोडगिरीत दाखवलं होतं? जकात भरल्याची पावती?"

"ते शालूत होतं."

"लपवून आणलं?"

"धूळ लागू नये म्हणून!"

"आधी करोडगिरीला जा," पेशकार हळहळत म्हणाला. "तिथून सुटलं तर मी आहेच."

करोडगिरीच्या नाक्यावर दारोग्यापुढं जिनसांचा तक्ता होता, त्यात कापूस ते खारकांपर्यंत सगळं होतं. मँडोलिन नव्हतं. दारोग्यानं ते उलटं करून पोटावर टिचकी मारली.

"भांड्यांत घालू. पाणी राहतं का आत?"

"साहेब, मधी भोक हाय."

"मग भांडं नव्हे. लाकूडसामान म्हणावं तर बसता येत नाही, निजता येत नाही. काय आहे ते ठरेपर्यंत जप्त."

आणि मँडोलिन ताडीच्या जप्त मडक्यांशेजारी खुंटीला लागलं. मिंगेल मास्तरचा शब्द अप्पाच्या कानात वाजला. खुंटी, मग पाली. इस्त्रीच्या बंडीचा माणूस तिथंच नाक्याच्या पायरीवर फतकल मारून बसला. "मी हालत न्हाई," तो म्हणाला. दारोगा म्हणाला, "पायरीवर जकात नाही, बसा."

नाक्याच्या पहाऱ्यावर अवद चाऊस होता. आजा अरबस्तानातल्या हद्रमौतहून येऊन निजामाच्या फौजेत लागलेला, नातवाच्या कमरेला आजाचाच वाकडा सुरा, जंबिया. म्हाताऱ्या चाऊसनं खुंटीकडं बघितलं, जवळ गेला, डोळे बारीक केले आणि एकदम ओरडला, "अरे, ये तो हमारे दादा का कंबूस है!"

"न्हाई चाऊस, हे इटलीचं हाय."

"चुप! दादा बजाता था. ऐसाच पेट, ऐसीच गर्दन. मुँह पे बकरे का चमडा था. ये लकडी का मुँह किसने लगाया?"

"इटलीवाल्यांनी."

"इटली नक्को बोल. हद्रमौत बोल."

दारोगा कान देऊन ऐकत होता. त्याला उन्हात बसलेल्या अप्पाची दया आली असावी. तो हळूच म्हणाला, "अहो शेट, चाऊस म्हणतो ते कबूल करा. त्याच्या आजाची वस्तू म्हटलं की पहारेकऱ्याचं घरगुती सामान झालं. त्याला जकात नाही. घ्या आणि चालते व्हा. बहिणीचं लग्न आहे ना?"

अप्पाच्या डोळ्यांपुढं बायना उभी राहिली, खाजवत. एक शब्द बदलायचा होता. इटलीच्या जागी हद्रमौत. इथं कोण बघायला आलं होतं? मिंगेल मास्तर गोव्यात होता.

"न्हाई," अप्पा म्हणाला. "कुळकथेतलं गाव मी बदलणार न्हाई. बापाच्या जागी दुसऱ्याचं नाव लावायचं काय? पायजे तर मी इथंच म्हातारा होतो."

"तेरा बाप इटली, तो दादा कौन?" चाऊस तावातावानं म्हणाला. "दादा तो बोल!"

आणि अप्पा थांबला. मास्तरनं सांगितलेली कुळकथा इटलीपासून सुरू होतच नव्हती. ती खूप आधीपासून होती. अप्पालाच घाई. इटली म्हटलं की मान वाढेल असं वाटून तो दरवेळी मधूनच सुरुवात करायचा, आणि मधूनच सुरू केलेली गोष्ट बैल सोडवायला कुणीही टाकून जातो.

"चाऊस, बसा," तो म्हणाला. "आज्यापासनं सांगतो. मधी उठायचं न्हाई."

"मैं पहरे पे हूँ. उठ के जाऊँगा किधर?"

मग अप्पानं सांगितलं. अरबांकडे ऊद नावाचं तारांचं वाद्य होतं. लाकडाचं गोल पोट, आखूड मान. अरब दर्या ओलांडून स्पेन मुलखात गेले, ऊद बरोबर गेला. तिथल्या लोकांनी त्याला आपला केला, नाव थोडं बदललं. तिथून तो पसरला, कुठं मोठा झाला, कुठं लहान. इटलीत त्याला लहान पोर झालं. नेपल्स म्हणून बंदर आहे, तिथल्या कारागिरांनी त्या पोराला लोखंडी तारा घातल्या, त्याही जोडीजोडीनं, आवाज लांब जावा म्हणून. मग कुणा खलाशाच्या गाठोड्यातून ते गोव्याला आलं, गोव्यातून सोलापुरात, आणि सोलापुरातून शालूत गुंडाळून चौसाळ्याला. दारोगा तक्ता बाजूला सारून दारात येऊन उभा राहिला होता.

चाऊसनं खुंटीवरच्या वाद्याकडं पुन्हा एकदा नीट बघितलं. मग मांडीवर थाप मारून म्हणाला, "मतलब हमारा बच्चा विलायत गया, पाटलोन पहन के वापस आया!"

"हौ," अप्पा म्हणाला. एवढं नेमकं त्याला स्वतःला कधी सुचलं नव्हतं.

दारोग्याचा चेहरा उजळला. सरकारी माणसाला वाट सापडली की त्याचा चेहरा असा उजळतो. "मग हा माल आलाच नाही, परतला! हद्दीबाहेर चरून आलेल्या गुरांवर आम्ही जकात घेतो का? चाऊस सरकारचा, चाऊसच्या आजाचं ते सरकारचंच. उतरवा खुंटीवरून."

अप्पा सुटलेलं वाद्य घेऊन पेशकाराकडं परत आला. पेशकारानं वाजवायची इजाजत लगेच दिली. बोलण्यापाशी मात्र पुन्हा चष्मा पुसला. पुष्कळ पुसून झाल्यावर म्हणाला, "एक तोड आहे. घरच्या लग्नात, पंगत बसलेली असताना बोललात तर तो जलसा होत नाही. जेवण होतं. जेवताना माणूस बोलतोच. पण ऐकणाऱ्याच्या पानात काहीतरी असलं पाहिजे, हे ध्यानात ठेवा. पानं उचलली की जलसा."

राहिला म्हाळू. सरकारी शिक्का दाखवला की म्हाळूची काय टाप, असं बंकटचं म्हणणं. अप्पानं शिक्का दाखवला. म्हाळूनं तो उलटा धरून बघितला, परत दिला.

"सरकार इजाजत देतंय. मान सरकार देत न्हाई, अप्पा."

"कोण देतं?"

"आमी. वाजवणारे."

आयुष्यात पहिल्यांदाच अप्पा आपणहून म्हाळूच्या दारात, त्याच्या घोंगडीवर बसला. "मंग तुमी द्या," तो म्हणाला. "मी त्या दिवशी रीत मोडली. तुझ्या आदी वाजवायला नको होतं."

म्हाळूनं तपकीर ओढली. "सगळ्यात शेवटी. हलगी, सनई, ताशा, सगळ्यांचं झाल्यावर. कबूल आसंल तर हलगी वाजंल."

शेवटी! इटलीहून आलेलं वाद्य ताशाच्याही मागं! अप्पानं बंडीची इस्त्री उगाच हातानं सारखी केली. पण बायनाची हळद खरोखरच उतरायला लागली होती. "कबूल," तो म्हणाला.

घाटनांदूरला निरोप गेला. महारुद्रअप्पा जरा ताणून, जरा फुगून, पण आला. नवा फेटा बांधून आला, म्हणजे मनातून आधीच तयार होता. म्हाळूनं हलगी शेकली, थाप मारली, आणि वेशीतले कावळे उडाले. सनई झाली, ताशा झाला, अक्षता पडल्या. भिवराबाई रडली, मग मोजून बुंदी वाढायला लावली.

अप्पा मँडोलिन मांडीवर घेऊन वाट बघत राहिला. वाजवायचं सगळ्यांच्या शेवटी, ही म्हाळूची अट. बोलायचं पंगत बसलेली असतानाच, ही कचेरीची. वऱ्हाडाची पंगत बसली तेव्हा सनई चालू होती. गावाची बसली तेव्हा ताशा. बायकांची बसली तेव्हा पुन्हा सनई, कारण ती बायकांची मागणी. वाजंत्री थांबले तेव्हा ऐकण्यासारखा माणूस मांडवात उरला नव्हता. वऱ्हाड लवंडलं होतं, गाव सुपारी कातरत घरी गेलं होतं, बंकट तर खांबाला टेकून घोरत होता.

आता एकच पंगत राहिली होती. वाजंत्र्यांची. ती त्या काळच्या रीतीनं मांडवाबाहेर, लिंबाखाली बसायची.

अप्पा उठला. वत्सलाबाईनं दारातून विचारलं, "अहो, तिकडं कुठं?"

"पंगतीला."

"मांडव इकडं हाय."

"मान तिकडं हाय," अप्पा म्हणाला, आणि मांडवाबाहेर जाऊन लिंबाच्या मुळीवर बसला. दोन पाहुणे एकमेकांकडं बघून कुजबुजले. त्यानं ऐकलं आणि सोडून दिलं.

त्यानं चारही चाली वाजवल्या. मग घसा साफ केला. "आता ह्याची कुळकथा. अरब मुलखात एक वाद्य होतं..."

कुणाचा बैल सुटला नाही. सुटला असता तरी भरल्या पानावरून कोण उठणार होतं? आणि हे लोक दिवसभर उभे राहून वाजवलेले, भुकेले, कातड्याचं नि तारेचं कळणारे. ऊद दर्या ओलांडून गेला तेव्हा सनईवाल्याचा घास हातात राहिला. लोखंडी तारा आल्या तेव्हा ताशावाला म्हणाला, "बोटं कापत आसत्याल की!" अप्पानं आपली बोटं दाखवली. ती पंगतीतून फिरली, जणू तीही वाढायची होती.

गोष्ट गोव्याला पोचली तेवढ्यात म्हाळूनं हात वर केला. "थांबा अप्पा. ते पोर झालं तिथनं परत सांगा. बुंदी घेताना हुकलं."

अप्पानं आयुष्यात इतका सुखाचा अडथळा ऐकला नव्हता. त्यानं इटलीपासून परत सांगितलं, चौसाळ्यापर्यंत आणलं, आणि संपवलं. पानात शेवटचा भात होता. कचेरीच्या दृष्टीनं सगळं कायद्यात बसलं.

म्हाळूनं हात धुतले, हलगी पुन्हा जाळाशी नेली. "वाजवा," म्हणाला, आणि मँडोलिनच्या चालीखाली बोटांनीच, अगदी हलक्या हातानं, ताल धरला. मध्येच म्हणाला, "शेवटचा मान दिला म्हनून तुमाला राग आलता. मला कळलं हुतं."

"जरा आलता."

"जत्रंत काय आसतं? हलगी पुढं, सनई मधी. शेवटी काय येतं?"

अप्पाची बोटं तारेवर थांबली. शेवटी देवाची पालखी येते.

"मंग?" म्हाळू म्हणाला. "थांबू नगा. ताल सुटतो."

त्या सालापासून चौसाळ्याच्या जत्रेत मँडोलिन शेवटी वाजायचं, आणि कुळकथा वाजंत्र्यांच्या पंगतीत सांगितली जायची. म्हाळूला ती अप्पापेक्षा बरी यायला लागली. अवद चाऊस दोनदा मुद्दाम आला आणि दोन्ही वेळा हद्रमौतावरून भांडून गेला. मिंगेल मास्तरला अप्पानं सांगावा धाडला होता. त्याचं उत्तर आलं नाही, पण वाद्यही परत मागितलं गेलं नाही.

उत्तरेश्वरअप्पा फसली तेराशे त्रेपन्नच्या कार्तिकात, सोमवारी सकाळी, दुकान उघडता उघडता वारला. त्याला लिंगायत रीतीनं बसवून अंत्ययात्रेत नेताना हलगी पुढं होती, सनई मधी, आणि सगळ्यांच्या शेवटी, त्याच्या अगदी पुढं, मँडोलिन दोन्ही हातांवर घेऊन म्हाळू चालत होता. हलगी त्या दिवशी त्यानं भावाकडे दिली होती. म्हाळू पुढच्या साली, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी वारला.